एक मत, मिशांसाठी

कापड बेतायच्या लांब टेबलावर लॅपटॉप उघडून मी बसले होते, तेवढ्यात टेबलाखालून आवाज आला, "पाय जरा उचलता का?"

दचकलेच! खाली आमचा नवा मशीन-मेकॅनिक. हातात तेलाची बुधली, आणि ओठांवर… काय त्या मिशा! बायकांनी पहिल्याच दिवशी त्याचं 'मिशाळ' असं बारसं करून टाकलं होतं.

"वायर तुमच्या पायाखाली आहे," म्हणत तो वर आला आणि पडद्यात डोकावला. "हे कसलं मशीन?"

"मत द्यायचं. सॉफ्टवेअर आहे. फुकट मिळतं."

"फुकट? मग आत काय भरलंय कुणास ठाऊक!"

"झाकण उघडंच आहे त्याचं. आतला प्रोग्राम कुणीही वाचावा, तपासावा."

"असं?" तो हसला. आधी मिशा हसल्या, मग डोळे. "मग आवडलं आपल्याला… मशीन म्हणतोय मी."

माझे कान का तापले, देव जाणे!

थट्टेला वेळ नव्हता खरं तर. आमची शिवणकामाची सहकारी संस्था. रविवारची कामाची पाळी बंद करायची का, यावर उद्या मतदान. आजवर मत म्हणजे हात वर, आणि समोर अध्यक्षबाई बसलेल्या! त्यांना पाळी हवी, मग कुणाची टाप आहे नको म्हणायची? पाठीने बेजार झालेली माझी मावशीही मुकाट हात वर करायची. तिच्यासाठीच मी हे शिकत होते. अध्यक्षबाईंनी बजावलं होतं, "आज चाचणी घे. सगळ्यांना पटलं तर ठीक. नाहीतर नेहमीसारखे हात."

"चाचणीला प्रश्न काय ठेवू गं, मावशी?"

"ह्याच्या मिशा!" मावशीने मशीनवरूनच फर्मान सोडलं. "उडवा, की राहू देत?"

हशा पिकला. मोबाइल निघाले, पासवर्ड चुकले, बोटं अडखळली. मिशाळ स्वतःच एकेकीला समजावत फिरला, "काकू, माझ्या अब्रूचा प्रश्न आहे, सांभाळून दाबा!"

निकाल पडद्यावर आला. 'उडवा'ला मतांचा ढीग. 'राहू देत'ला… एक.

"कोण गं ती?" अध्यक्षबाई गरजल्या. त्या माझ्याकडे वळल्या. "तूच चालवतेस ना? बघून सांग."

"मत कुणाचं ते मलाही दिसत नाही, बाई."

त्यांनी मिशाळला लॅपटॉपसमोर बसवलं. त्याने सगळे कप्पे उघडून पाहिले, कपाळावरचा घाम पुसला. "नाही सापडत. आणि मला तर ते नाव मनापासून हवं होतं!"

मावशीचं मशीन थांबलं. "म्हणजे… उद्याचंही कुणाला कळणार नाही?"

"कुणालाच नाही," मी म्हटलं.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कुजबुज उठली, कुणीतरी खुदकन हसलं. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "घ्या मग उद्या यावरच," त्या म्हणाल्या.

बायका पांगल्या. मिशाळ मात्र तिथेच, हाताचं तेल पुसत… पुसत…

"उद्या उडवून येतो मग. बहुमत आहे."

"लोकशाही आहे," मी म्हटलं.

"पण ते एक मत?"

"सॉफ्टवेअर नाही सांगणार."

"त्याला कुठे विचारतोय?" आवाज अगदी हलका झाला. "तुला विचारतोय."

'तुम्ही'चं 'तू' झालं होतं, आणि मला ते खुपलंही नाही. मी हळूच लॅपटॉप मिटला.

"राहू देत," मी म्हटलं. "मिशा… आणि तूही राहा."