ब्रेकवरचा पाय

गाडीच्या गिअरबॉक्सचं ऑइल मी स्वतः बदलणार हे कळल्यावर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी बापूराव मला पार्किंगमधल्या पाटीसमोर घेऊन गेले. ‘येथे वाहनदुरुस्ती करू नये. ही सोसायटी आहे, गॅरेज नव्हे.’ पाटी त्यांनीच लावलेली आहे.

“दुरुस्ती नाही काका, देखभाल आहे,” मी म्हटलं.

“चालू द्या,” ते म्हणाले. कर्वेनगरात याला परवानगी म्हणत नाहीत, पण मी ती समजले.

मी चाकणच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो, त्यामुळे कुणाच्या शब्दावर पटकन विश्वास बसत नाही. गॅरेजवाला म्हणाला होता, “मॅडम, ऑटोमॅटिकचं ऑइल बदलायचंच नसतं, ते लाइफटाइम असतं.” कुणाच्या आयुष्यभर, ते त्यानं सांगितलं नाही.

हा सगळा खटाटोप बाबांसाठी होता. अर्धांगवायूच्या झटक्यानं त्यांचा डावा पाय अधू झाला. पाटबंधारे खात्यात असताना जीप घेऊन डोंगरदऱ्या पालथ्या घातलेला माणूस बाल्कनीत बसून खालच्या स्कूटर बघायला लागला. म्हणून मी जुनी ऑटोमॅटिक घेतली. तिला क्लच नाही, डाव्या पायाला काम नाही. बाबा पुन्हा स्टिअरिंगवर बसले आणि घरात परत त्यांचा आवाज ऐकू यायला लागला. पण पुढे गिअरबॉक्सचं ऑइल जुनं झालं आणि गाडी गिअर बदलताना हिसके द्यायला लागली. एकदा अशाच हिसक्यात समोरच्या रिक्षाला टेकली. माझा भाऊ आनंद वाघोलीहून तणतणत आला आणि पुन्हा असं झालं तर गाडी विकायची असं ठरवून गेला. बाबा नुसते ताटावरून उठले. मला ते बघवलं नाही.

रविवारी दुपारी मी गाडी चारही बाजूंनी उचलून लोखंडी स्टँडवर ठेवली. जुनं ऑइल काढलं. ते काळ्या चहासारखं होतं आणि त्याला जळका वास येत होता. फिल्टर बदलला, तळाच्या झाकणाला नवं गॅस्केट बसवलं, नवं ऑइल भरलं. ते कोकम सरबतासारखं लालचुटूक होतं. इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे झालं.

पुढचं काम दोघांचं. इंजिन चालू करून एकानं आत बसायचं, ब्रेक दाबून धरायचा आणि गिअरचा दांडा एकेका खाचेतून फिरवायचा, म्हणजे नवं ऑइल सगळीकडे पोहोचतं. त्या वेळी खाली कुणी असू नये, हे मला माहीत होतं. पण गॅस्केट गळतंय का ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी त्याला फैलावर घेतलं असतं.

बाबा खुशीत आत बसले.

“मी खालून सांगेन तसा दांडा हलवा,” मी म्हटलं. “आणि ब्रेकवरचा पाय अजिबात काढू नका. काढलात तर चाकं फिरतील, आणि मी तिथेच असेन.”

“चाळीस वर्षं गाडी चालवतोय मी, नमू.”

मी इंजिन चालू केलं, टॉर्च घेतला आणि पाठीवर सरकत खाली गेले. इंजिनाच्या घरघरीत हळू बोललेलं काही ऐकू येईना. माझ्या कानाजवळ चाक फिरवणारा पोलादी दांडा होता, मनगटाएवढा जाड. केस मी घट्ट बांधले होते, तरी एकदा चाचपून पाहिले.

“बाबा, रिव्हर्स!”

जरा वेळ गेला. मग वर खट्ट झालं.

“हं,” उत्तर आलं.

गाडी किंचित थरथरली. गॅस्केट कोरडं होतं. मला बरं वाटलं.

“न्यूट्रल!”

खट्ट. “हं.”

आवाज बसका वाटला. बाबा दमले असतील, लवकर आटपायला हवं, असं मनात आलं. मी तोंड उघडलं, पण ‘ड्राइव्ह’ म्हणण्याआधीच वर खट्ट झालं.

“हं.”

“बाबा, मी सांगितलं नव्हतं अजून,” मी ओरडले. पोलादी दांडा जागच्या जागी होता, म्हणजे ब्रेक दाबलेला होता. फक्त तो आता ताणला गेला होता, त्याची बारीक थरथर माझ्या गालाला जाणवत होती.

“पार्किंगला घ्या आता!”

काहीच झालं नाही.

तेवढ्यात पलीकडे लिफ्टचं दार उघडलं. गाड्यांच्या खालच्या फटीतून मला आधी काठी दिसली, मग कॅनव्हासचे बूट. डावा बूट फरशीवर घासत येत होता.

“झालं का गं?” लिफ्टकडून बाबा मोठ्यानं म्हणाले. “सांगितलं ना तुला, जरा वर जाऊन येतो म्हणून.”

मी टॉर्च त्या बुटांवर धरला.

“कधी?”

“तू खाली शिरलीस तेव्हाच. बसू का आता आत?”

“नाही! बाबा, तिथेच थांबा. दाराला हात लावू नका.”

बूट थांबले.

गिअरचा दांडा ‘पार्किंग’च्या खाचेतून काढायचा तर ब्रेकवर पाय लागतो. या गाडीची ती रचनाच आहे, हे मला माहीत होतं. पाय होता. अजूनही होता. बाहेर पडायचं तर मला त्या चाकाला खेटून सरकत जायला हवं होतं. मी भयंकर घाबरले होते. माझा स्वतःचा आवाज मला ओळखू येईना.

“पाय काढू नका,” मी वर बघत म्हटलं. “मी बाहेर येतेय. कृपा करून पाय काढू नका.”

इंजिन घरघरत राहिलं.

“हं.”

मी सरकले. खांदा, कंबर, मग गुडघे. बाहेर आले आणि उभी राहिले.

सीट रिकामी होती. मागच्या भिंतीवर ब्रेकच्या दिव्यांचा लाल उजेड पडला होता.

मी खिडकीतून हात घालून गिअरचा दांडा पार्किंगला ढकलला, किल्ली फिरवली. इंजिन बंद पडल्यावर पेडल हळूहळू वर आलं, आणि भिंत पुन्हा पांढरी झाली.

बाबांना मी सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. पुढचा आठवडाभर गाडी मीच चालवली. ब्रेकचा स्विच तपासला, पेडलची स्प्रिंग काढून पुन्हा बसवली, गिअरच्या केबल पाहिल्या. दोष सापडला नाही. गाडी इतकी मऊ चालत होती की रविवारी आनंदही कौतुक करून गेला. मग बाबांनी किल्ली मागितली. नाही म्हणायला माझ्याकडे असं कारण नव्हतं, जे मी मोठ्यानं बोलू शकले असते.

मी शेजारी बसले. कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला आम्ही थांबलो. बाबा ताठ बसले होते, हात स्टिअरिंगवर, चेहऱ्यावर जीपच्या दिवसांतला रुबाब. मला भरून आलं.

“उद्या मी एकटाच जाऊन येतो, पार खडकवासल्यापर्यंत,” ते म्हणाले.

ड्राइव्हमध्ये असलेली ऑटोमॅटिक ब्रेक सोडला की आपोआप पुढे सरकते. आमची उभी होती. मी सहज खाली पाहिलं.

ब्रेकचं पेडल दाबलेलं होतं. बाबांचे दोन्ही पाय मॅटवर होते, आरामात, जुळवून ठेवलेले.

सिग्नल हिरवा झाला. ते पेडल वर आलं. शेजारचं अॅक्सिलरेटरचं पेडल हळूच खाली गेलं. बूट हलले नाहीत.

“आनंदला सांगू नकोस,” बाबा समोर बघत म्हणाले.