बनाबाईंनी स्वतः कळवलं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी मी या विषयावर बोलत नाही, आणि श्रीपाल तर माझ्याशीच बोलत नाही.

त्या बुधवारी सकाळी आम्ही दोघं मलकापूरला निघालो होतो ते माफी मागायला. सोबत अर्धा किलो पेढे आणि डझनभर केळी. नोव्हेंबर होता, उसाच्या ट्रॉल्या रस्ताभर चालल्या होत्या आणि गुऱ्हाळांचा गोड धूर गाडीच्या काचा लावल्या तरी आत येत होता. श्रीपाल गाडी चालवत होता. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. जिवंत बाईच्या निधनाची बातमी आपण सगळ्या जगाला सांगितली, हे तिच्या तोंडावर कसं म्हणायचं?

आमचा इंटरनेट रेडिओ होता, ‘काकवी’ नावाचा. शाहूपुरीत एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या. श्रीपाल तांत्रिक बाजू बघायचा, मी बोलायचे. सुरुवातीला एका वेळी चारशे-पाचशे लोक ऐकायचे. मग मोठी अ‍ॅप आली. त्यांच्याकडे कोटीभर गाणी, तुमची आवड ओळखून पुढचं गाणं आपोआप लावणारी यंत्रणा. आमच्याकडे मी आणि एक माइक. दोन वर्षांत श्रोते साठावर आले. एका संध्याकाळी श्रीपाल म्हणाला, “त्यांच्याकडं नाही असं आपल्याकडं काय आहे, ते शोधू. नाहीतर दुकान बंद करू.”

ते मलाच सुचलं. हे विसरू नका, मला सुचलं.

दुपारी दोन वाजता ‘आठवण’ सुरू केला. जिल्ह्यात कोण गेलं, रक्षाविसर्जन कधी, आणि शेवटी त्या माणसाच्या आवडीचं एक गाणं. लोक फोनवर बोलून निरोप पाठवायचे, श्रीपाल ऐकून ते टाइप करायचा, मी वाचायचे. गावाकडचं कोण गेलं हे कुठलंच मोठं अ‍ॅप सांगत नव्हतं. महिन्याभरात नऊशे श्रोते झाले. पुण्यातून, बेंगळुरूतून, दुबईतून लोक दोनच्या ठोक्याला येऊन बसायचे. मी रडवेल्या आवाजात वाचायचे आणि डोळा आकड्यावर असायचा.

त्या सोमवारी मी वाचलं, “बनाबाई पिराजी भोपळे, मलकापूर, वय बहात्तर. रक्षाविसर्जन शुक्रवारी सकाळी आठ वाजता.” वाचताना शुक्रवार जरा लांब वाटला. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी उरकतात. पण पुढचं नाव वाट बघत होतं.

गाणं संपायच्या आत फोन आला. त्यांची सून, मोना. संतापानं आवाज थरथरत होता. “आमच्या आत्या हितं बसून तुमचंच ऐकाय लागल्यात. कुणी सांगितलं तुम्हाला?”

आम्ही नंबर तपासला. निरोप बनाबाईंच्याच फोनवरून आला होता.

मलकापुरात बाजारापासून आत, उताराला त्यांचं घर. पुढच्या खोलीत कॉट, दोन खुर्च्या, दारामागं शेळी बांधलेली. मुलगा दूध संघात कामाला गेला होता. बनाबाई कॉटवर मांडी घालून बसल्या होत्या. ठणठणीत बाई. आम्ही पाया पडलो तशा हसल्या.

“बसा पावणं. मेलेल्या बाईच्या घरात च्या घेतासा न्हवं?”

मोना हसली नाही. पेढे घेऊन ती आत गेली. आतून भात शिजत असल्याचा वास आला.

मी माफी मागितली. बनाबाईंनी हात हलवून ती बाजूला सारली. “ते ऱ्हाऊ दे. माझ्या फोनावरनं आलंय म्हंतासा, तर ऐकवा की. मला फोन उचलता येतोय, दुसरं काय बी येत न्हाय.”

श्रीपालनं फोन काढला. सोमवारी त्यानं शब्द संपेपर्यंतच ऐकलं होतं, तेवढं टाइप केलं आणि पुढचा निरोप घेतला होता. रेकॉर्डिंग मात्र जवळजवळ दोन मिनिटांचं होतं.

आवाज म्हातारा होता, सावकाश. “बनाबाई पिराजी भोपळे. मलकापूर. वय बहात्तर...”

बनाबाई पुढं वाकल्या. “ह्यो माझा आवाज हाय,” त्या हळूच म्हणाल्या. “पर मी न्हाय बोलले.”

शब्द संपले. पुढं नुसती खोली ऐकू येत होती. पंखा. शेळीचं बें. मग कुकरची शिट्टी, एक, दोन, तीन. एक ताटली पडून गरगरत थांबली. मग मोनाचा आवाज, “आत्या, च्या गार झाला.” आणि त्यानंतर एक बाई घाईघाईनं म्हणाली, “मावशी, डोळे उघडा. श्रीपाल, दार उघड.”

तो माझा आवाज होता.

रोज हेडफोनमध्ये ऐकते मी तो. श्रीपालनं अंगठ्यानं रेकॉर्डिंग थांबवलं आणि फोनच बंद करून टाकला. पडदा काळा झालेला मी पाहिला. आम्ही या घरात आयुष्यात पहिल्यांदा आलो होतो, आणि ते रेकॉर्डिंग सोमवारचं होतं.

बनाबाईंनी विचारलं, “म्होरं किती ऱ्हायलंय?”

“चाळीसेक सेकंद...” श्रीपाल म्हणाला.

“मोनाला ऐकवू नगासा.”

मोना चहा ठेवून परत आत गेली. तिला आमचे चेहरे दिसले असणार, पण ती रागात होती. बनाबाईंनी कपाला हात लावला नाही.

आत कुकरची शिट्टी झाली.

मी श्रीपालकडे पाहिलं. त्यानं दाराकडे पाहिलं. वाऱ्यानं ते मघाशीच लागलं होतं. दुसरी शिट्टी झाली तशी मी उठले आणि स्वयंपाकघरात धावले. मोना मागं सरकली. मी गॅस बंद केला, ज्योत विझलेली डोळ्यांनी पाहिली, आणि कुकरच्या शिट्टीवर हात धरावा असं वेड्यासारखं वाटलं. बंद गॅसवर कुकर फुसफुसत राहिला. मग आतल्या वाफेनं तिसरी शिट्टी लांबलचक, शेवटपर्यंत वाजली.

मी दचकून मागं झाले आणि माझंच कोपर ओट्यावरच्या ताटलीला लागलं. ती खाली पडली. गरगरत राहिली. मी वाकून ती धरणार, तोवर थांबली.

“तुम्हाला काय झालंय काय?” मोना म्हणाली.

“बाहेर जाऊ नका,” मी म्हटलं. “दोन मिनिटं... आणि काही बोलू नका.”

तिनं मला हातानं बाजूला केलं. बरोबरच होतं तिचं. अनोळखी बाई घरात घुसून गॅस बंद करते आणि गप्प बस म्हणते, कोण ऐकेल? ती बाहेर गेली आणि मी मागोमाग धावले.

बनाबाई भिंतीला टेकल्या होत्या. डोळे मिटलेले, हनुवटी छातीवर.

“आत्या,” मोना म्हणाली, “च्या गार झाला.”

आता पुढचं नीट ऐका, कारण पोलिसांना किंवा डॉक्टरांना मी हे सांगितलेलं नाही. मला पुढची वाक्यं माहीत होती. ती मी बोललेच नाही तर काहीतरी चुकेल, मोडेल, बाई डोळे उघडतील असं वाटलं. मी दोन्ही हात तोंडावर दाबले. इतके जोरात, की दात ओठात रुतले आणि रक्ताची चव आली.

आणि खोलीत माझा आवाज आला. “मावशी, डोळे उघडा. श्रीपाल, दार उघड.”

श्रीपाल माझ्या समोर उभा होता. त्यानं माझं झाकलेलं तोंड पाहिलं. त्याच्या हातातला फोन बंद होता, काळा. आमच्या मधल्या हवेतून तो आवाज आला होता, माझ्याच गळ्याचा, जरासा दमलेला. श्रीपालनं माझ्यावरची नजर न हलवता मागं पाऊल टाकलं, पाठीमागं हात नेऊन दार उघडलं.

मोना रडायला लागली. तिनं मला विचारलं, “आधी कसं कळलं तुम्हाला?”

हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. वय होतं. रक्षाविसर्जन शुक्रवारी सकाळी आठ वाजता झालं. आम्ही गेलो नाही. मुलाचा फोन आला होता, “परत ह्या गावात दिसू नका.”

गावात बातमी फुटली आणि त्या शुक्रवारी दुपारी अडीच हजार लोक आमच्या रेडिओवर येऊन थांबले. इतके कधीच नव्हते. मी माइकसमोर बसलेच नाही. दोन ते अडीच नुसती शांतता गेली, आणि एकही माणूस उठून गेला नाही. अडीच वाजता श्रीपालनं वायर ओढली. किल्ली टेबलावर ठेवताना म्हणाला, “मला खरं सांग. तू तोंडानं बोलली नव्हतीस ना?”

“नाही.”

त्यानं मान हलवली आणि जिना उतरून गेला. आता तो इचलकरंजीला कुठंतरी सूतगिरणीत कॉम्प्युटर बघतो.

मोठ्या अ‍ॅपवाल्यांना कल्पना आवडली होती. चारच महिन्यांत त्यांनी तसाच कार्यक्रम सुरू केला, सगळ्या जिल्ह्यांसाठी, निरोप फोनवरूनच. मला वाईटही वाटलं नाही. मी आता गडमुडशिंगीला शाळेत शिकवते.

गेल्या आठवड्यात त्यांच्या पुण्याच्या ऑफिसातून फोन आला. चिराग म्हणून कुणीतरी, फार अदबीनं बोलत होता.

“मॅडम, तुम्ही पाठवलेला निरोप मिळाला. तुमचा आवाज आम्ही लगेच ओळखला, आम्ही सगळे ‘काकवी’ ऐकायचो. फक्त एक अडचण आहे. मागं पाण्याचा आवाज फार आहे, त्यात नाव ऐकू येत नाही. परत रेकॉर्ड करून पाठवाल का?”

मी काही पाठवलं नव्हतं. तसं सांगितलं. पुसून टाका म्हटलं, पुढचं ऐकू नका म्हटलं.

“पहिला पुसला, मॅडम,” तो जरा गोंधळून म्हणाला. “पण आज सकाळी दुसरा आलाय. त्यात पाणी अजून जवळ आहे.”