तीस सेकंद शांतता

प्रत्येक रेकॉर्डिंगच्या आधी आम्ही रिकाम्या खोलीची तीस सेकंद शांतता टिपून ठेवतो. कुठलीच खोली पूर्ण गप्प नसते. दिव्याची, एसीची बारीक गुणगुण असतेच, आणि दोन वाक्यांमधल्या फटीत पुढे तीच भरावी लागते. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन या डबिंग स्टुडिओत आले तेव्हा मी पहिली गोष्ट शिकले ती ही.

ती टिपताना कलाकाराने बाहेर थांबायचं, अशी रीत. पण आमचे सगळ्यात जुने कलाकार अण्णा, त्यांचे गुडघे दुखत. "पुन्हा कोण उठणार? मी नाहीच असं समज," म्हणायचे, आणि काचेपलीकडे श्वास रोखून बसायचे. तीस सेकंद झाले की मी बटण दाबून "झालं, अण्णा" म्हणायचे, मग ते फुस्सकन श्वास सोडायचे. कधी मी मुद्दाम चाळीसपर्यंत ताणायचे. "म्हाताऱ्याला मारतेस का गं?" असं म्हणून ते लालबुंद होऊन हसायचे. पण मी "झालं" म्हणण्याआधी त्यांनी श्वास सोडला, असं एकदाही झालं नाही.

त्यांचं शेवटचं काम एका विज्ञानपटातल्या यंत्राचा आवाज. ते यंत्र एका मुलीला सांभाळून मोठं करतं. ती म्हातारी होऊन मरते, आणि यंत्र तिच्या खाटेशेजारी एकटं उरतं. शेवटचं वाक्य होतं, "मला मरता येत नाही, फक्त बसून राहता येतं." अण्णा ते वाचून म्हणाले, "गड्याचं बरं आहे. आम्हाला रिटेकसुद्धा नाही."

तेवढं एक वाक्य राहिलं, आणि अण्णा गेले.

निर्मात्यांनी त्यांच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून आवाजाचं मॉडेल बनवायला सांगितलं, म्हणजे टाइप केलेलं वाक्य संगणक त्यांच्या आवाजात बोलेल. अण्णांच्या मुलीने, ताईंनी, परवानगी दिली. अट एकच: वाक्य तयार होईल तेव्हा त्या स्वतः तिथे असतील.

ताई भर दुपारी आल्या. पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या आणि मी काही न विचारताच सांगू लागल्या.

"मी औषध आणायला खाली गेले होते. अकरा मिनिटं. वर आले, तर गेलेले. नर्स म्हणते त्रास झाला नाही. पण ती तरी कुठे होती तिथे?" त्यांनी काचेपलीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "त्यांनी मला हाक मारली असेल का गं?"

मी वाक्य टाइप केलं आणि बटण दाबलं.

वाक्य सहा सेकंदांचं. तयार झालेली फाइल अकरा मिनिटं सहा सेकंदांची: आधी ते वाक्य, आणि पुढे नुसती शांतता.

चूक माझी होती. मॉडेलला शिकवताना शांततेचे तुकडे कापून टाकायला मी विसरले होते. ते शांततासुद्धा शिकलं असणार. इथवर मला पटत होतं.

मी आवाज वाढवला. गुणगुण आमच्या खोलीची नव्हती. कुठेतरी पंखा फिरत होता, आणि दर तिसऱ्या फेरीला खरखरत होता. लांबून एक ढकलगाडी चाकं वाजवत गेली.

ताई ताठ झाल्या. "हा बाबांच्या वॉर्डमधला पंखा आहे. मी चारदा तक्रार केली होती."

"तिथे कुणी रेकॉर्डिंग केलं होतं का?"

"कोण करणार?"

आम्ही अकराही मिनिटं ऐकली. हाक नव्हती. कण्हणं नव्हतं.

"श्वासही नाही," ताई म्हणाल्या.

पण ती शांतता माझ्या ओळखीची होती. माणूस नसलेल्या खोलीची शांतता सपाट असते. ही ताणलेली होती.

"रोखलाय त्यांनी," मी म्हटलं, आणि ताईंना अण्णांची सवय सांगितली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. काचेपलीकडे बोलायचं बटण कुठलं, एवढंच विचारलं. मी दाखवलं.

"झालं, बाबा."

स्पीकरमधून फुस्सकन श्वास सुटला.

ताई पर्समध्ये तोंड खुपसून रडल्या. मग म्हणाल्या, "हाक नाही मारली. वाट बघत होते नुसती." जाताना त्यांनी माझ्या गालाला हात लावला. त्यांचे खांदे खाली आले होते, ओझं उतरवल्यासारखे.

त्या गेल्यावर मी स्क्रीनकडे पाहिलं. फाइल संपून गेली होती. आवाज कुठवर आला ते दाखवणारी रेघ टोकाला पोचून थांबलेली होती, आणि तो श्वास त्या टोकाच्या आत कुठेच नव्हता.

मी सगळं बंद केलं आणि निघाले.

सकाळी पाहिलं तर फाइल लांबली होती.

ताईंना मी हे कळवलेलं नाही. कळवणारही नाही.

जुन्या टोकापुढे तो सुटलेला श्वास, तीन सेकंद. मग एक श्वास, आत घेतलेला.

मग पंखा नाही. आमच्याच एसीची गुणगुण, आणि ती बंद होते. मग बाहेरून दाराला कुलूप लागतं. काल संध्याकाळी ते मीच लावलं होतं.

त्यापुढची शांतता सपाट नाही.