धुक्यातलं ‘येते हं’

“माझी ताई खाडीत बुडाली,” बाई म्हणाल्या, “आणि तरीसुद्धा ती मला ओ देते.”

मेहुण्यांच्या हातातली बशी कलंडली आणि चहा थेट पायजम्यावर. कानसेनांनी मात्र डोळेही उघडले नाहीत.

कानसेन म्हणजे खासगी गुप्तहेर. बाकीचे डोळ्यांनी शोधतात, हा गृहस्थ कानांनी शोधायचा, म्हणून ते नाव चिकटलं. मेहुणे म्हणजे त्यांच्या बायकोचे भाऊ. फोटो स्टुडिओ बंद केल्यापासून ते भावोजींच्या मागे शेपटासारखे असायचे. कामाला काडीचा उपयोग नाही, पण हौस दांडगी.

“पहिल्यापासून सांगा,” कानसेन म्हणाले.

“आम्ही दोघीच बहिणी. आई गेली तेव्हा मी एवढीशी होते. ताईनेच वाढवलं, माझ्यापायी लग्नसुद्धा केलं नाही. पुढे तिचे गुडघे दुखायला लागले, मग मी तिला जपलं. मी कचेरीत गेले की ती घरातच. बसचा थांबा कुठे आहे हेही तिला ठाऊक नसेल. आता मी निवृत्त झाले. म्हटलं, ताई, यापुढे दिवसभर तुझ्याजवळच. तर तीच म्हणाली, समुद्रकाठची एक दिवसाची सहल करू या. बससुद्धा कधी नव्हे ते तिनेच निवडली.”

सकाळी जुनं बंदराचं गाव, दुपारी खाडीतलं पक्षी उद्यान. दुपारनंतर धुकं उतरलं आणि ताई दिसेनाशी झाली. गाइडने हॉर्न वाजवायला लावला, तेव्हा धुक्यातून स्पष्ट ओ आली, “येते हं!”

“तिचाच आवाज होता. ‘हं’ असा वर उचलते ती. आम्ही थांबलो, पण ती आलीच नाही. लाकडी पुलाच्या टोकाला, कठड्यावर ही शाल होती. माणसं पाण्यात उतरली, काही मिळालं नाही. त्यानंतर मी दोनदा जाऊन आले. बस सुटताना हॉर्न वाजतो, आणि धुक्यातून पुन्हा तेच...” बाईंनी शाल पुढे सरकवली. “ती आहे की नाही, एवढंच मला सांगा. मी नीट रडूसुद्धा शकत नाही हो!”

कानसेनांनी शाल उलटून पाहिली. “काठ कुणी शिवला?”

“ताईने. शाल माझी, पण मी तिच्याच अंगावर घालायची. उकडतंय म्हणाली तरी घालायची, वारा बाधतो ना! टाक्याटाक्याला गाठ मारायची तिची सवय. एक टाका तुटला तरी बाकीचे सुटत नाहीत.”

मेहुणे बाईंनी आणलेला फोटो बघत होते. जुन्या गावातल्या मनोऱ्यापाशी काढलेला सकाळचा फोटो, जरा हललेला. ताईंच्या बुटांना काळ्या चिखलाची वाळलेली खपली होती. सहलीला निघताना माणसाने बूट तरी पुसावेत, असं त्यांच्या मनात आलं.

“जाते मी,” बाई उठल्या आणि लगेच जीभ चावली. “येते. ‘जाते’ म्हटलं की ताई केवढी रागवायची!”

दुसऱ्या दिवशी तिघेही त्याच सहलीच्या बसमध्ये बसले.

जुन्या गावात माणूस औषधाला नव्हता. फरसबंदी गल्ल्या, कड्या-कोयंडे गंजलेल्या वखारी, आणि घाटाच्या पायऱ्यांवर चुबुक चुबुक वाजणारं पाणी. मेहुण्यांना सारखं वाटत होतं की मागून कुणीतरी चालतंय. ते वळून बघायचे, तर गल्ली रिकामी.

“अडीचशे वर्षं उभा आहे हा मनोरा,” गाइडने सुरुवात केली.

“तो अजूनही उभा राहील,” कानसेन म्हणाले. “तुम्ही त्या बाईंचं सांगा.”

गाइडचा चेहरा पडला. “साहेब, माझी भाकरी जायची वेळ आलीय. पण मी सोडून आलो नाही कुणाला. ओ आली ना! ‘येते’ म्हटल्यावर माणूस थांबणार नाही का?”

“ओ पुलावरून आली?”

“धुक्यात दिशा कळते होय? पाण्याकडूनच असणार.”

ड्रायव्हर गाडी पुसत होता. “हॉर्न रोजच देतो. तिथे सगळ्याच बसवाले देतात, अगदी साध्या प्रवासी बसवालेसुद्धा. नाहीतर पक्षी बघणारी माणसं मागे राहतात. पण खरं सांगू? हल्ली हॉर्नवर हात ठेवला की अंगावर काटा येतो.”

उद्यानात पोचेपर्यंत धुकं पसरलं होतं. लाकडी पूल चार पावलांवर नाहीसा होत होता. खाली काळाकुट्ट चिखल बुडबुडत होता. फाटकाच्या डाव्या हाताला, झाडीत, जखमी पक्ष्यांचा दवाखाना होता. “इथे प्रवाशांना मनाई आहे,” दारातच पक्षीवाली म्हणाली. उंच, तुटक बोलणारी बाई. कानसेन “हो, हो” म्हणत खुशाल आत शिरले. धाकट्या बाई बाहेरच थांबल्या. पुलाकडे पाठ करायला त्यांचं मन घेईना.

एका पिंजऱ्यात पंख बांधलेला बगळा होता.

“बिचारा! कधीपासून आहे?”

“काल सकाळी आणला. पंख मोडलाय.”

“आणि हा झाकलेला पिंजरा?”

“मैना. आजारी आहे. उजेड सोसत नाही तिला.”

“त्या दिवशी हरवलेल्या बाईंना पाहिलंत?”

“मी पक्षी बघते. माणसं बघायला मला वेळ नसतो.”

निघताना कानसेन झाकलेल्या पिंजऱ्यापाशी क्षणभर घुटमळले. मेहुणे आधीच बाहेर सटकले होते.

पुलाच्या टोकाशी सगळे उभे राहिले. कानसेनांनी रुमाल हलवताच गाइडने ड्रायव्हरला ओरडून सांगितलं. हॉर्न वाजला.

“येते हं!”

स्पष्ट, गोड, शेवटी वर उचललेला बाईमाणसाचा आवाज. मेहुण्यांनी भावोजींचा दंड गच्च धरला. धाकट्या बाई “ताई!” म्हणून कठड्याकडे धावल्या. पाण्यात उडीच मारली असती, पण कानसेनांनी हात पकडला.

“तिकडे नाही. माझ्यामागून या.”

दवाखान्यात पक्षीवाली पिंजऱ्यावर घाईघाईने कापड टाकत होती. “राहू द्या,” कानसेन म्हणाले. “मघाशी मीच काढलं होतं.”

पिंजऱ्यात काळी कुळकुळीत मैना मान वाकडी करून बघत होती.

“हे भूत?” मेहुण्यांनी सुस्कारा सोडला. “म्हणजे त्या दिवशी ओ दिली ती हिनेच! पण मग ताई?”

“सांगतो. आपण ‘येते’ कधी म्हणतो, मेहुणे? कुणी बोलावलं की म्हणतो. आणखी कधी?”

मेहुण्यांनी डोकं खाजवलं. धाकट्या बाईच हलक्या आवाजात म्हणाल्या, “निघताना.”

“सगळ्यांना वाटलं, बाई बसकडे येतायत. पण मैना एकदा ऐकून बोलत नाही. हॉर्न वाजला की ताईंच्या आवाजात ‘येते हं’ म्हणते, म्हणजे हॉर्न वाजला की ताई इथून निघायच्या. एकदा नाही, कितीतरी वेळा.”

“फोनवर ऐकलं असेल तिने,” मेहुण्यांनी शंका काढली.

“फोनवर ‘ठेवते’ म्हणतात हो, मेहुणे! शिवाय त्या फोटोत सकाळीच बुटांना खाडीचा वाळलेला चिखल होता. जुनं गाव तर सगळं फरसबंदी. धाकट्या बाई कचेरीत गेल्या की ताई प्रवासी बसने इथे यायच्या, पक्ष्यांची सेवा करायच्या, बहीण परतायच्या आत घरी. मग धाकट्या बाई निवृत्त झाल्या. यापुढे दिवसभर पहारा. बाहेर पडायची एकच वाट उरली, सहल. म्हणून बस त्यांनीच निवडली.”

“बुडाली नाही ती?” धाकट्या बाईंनी कानसेनांची बाही धरली.

“बगळ्याची पट्टी बघा. काल आणलेला पक्षी, आणि टाक्याटाक्याला गाठ.”

आतलं दार उघडलं. पिकल्या केसांची, पदर खोचलेली बाई उंबऱ्यात उभी राहिली. हातात सुई होती.

“ताई!” धाकटीने झेप घेऊन मिठी मारली, ढसाढसा रडली. “मी मेलेच होते गं! चल, घरी चल. गार वारा आहे, ही शाल घे आधी.”

ताईंनी अंगावर घातलेली शाल अलगद उतरवली, घडी केली आणि तिच्या हातात ठेवली. “ही तुझी. त्या दिवशी परत केली होती. तू बुडाल्याची खूण समजलीस.”

“सांगायचंस तरी!”

“किती वेळा सांगितलं? दर वेळी म्हणालीस, ‘तू गेलीस तर मी जीव देईन.’ मग म्हटलं, मी मेले असं समजून एकदाची रडशील आणि जगशील. माझं चुकलं, बाळ. तुझे हाल बघवत नव्हते. पण परत येणार नाही मी.”

बाहेर हॉर्न वाजला. “येते हं!” मैना म्हणाली.

धाकट्या बाईंनी डोळे पुसले. दारापर्यंत गेल्या, थबकल्या, आणि लहान मुलीसारख्या आवाजात म्हणाल्या, “येते, ताई.”

ताईंचा हात सुईवर घट्ट मिटला होता.

“नको,” त्या म्हणाल्या. “आज ‘जाते’ म्हण.”

धाकट्या बाई उंबरा ओलांडून बाहेर पडल्या. शाल छातीशी धरून त्या धुक्यात चालू लागल्या. मेहुण्यांनी मागे वळून पाहिलं. ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न दिला आणि मैनेने चोच उघडली, तेवढ्यात ताईंनी पिंजऱ्यावर कापड टाकलं.