एवढं आवरते नि आले

जरा हळू बोलतो. आई आत मूग निवडते आहे. तिला ऐकू गेलं तर म्हणेल, काय रे, माझ्याच गोष्टी सांगत बसलास लोकांना.

आई व्हिजिट व्हिसावर माझ्याकडे दुबईत आली तेव्हा मी तिला उंच इमारती दाखवल्या, मॉल दाखवले, बर दुबईला अब्र्यात, म्हणजे इथल्या लाकडी होडीत, बसवून खाडीपार नेऊन आणलं. सगळीकडे ती "छान आहे हो" म्हणाली. तिचं "छान आहे हो" मला लहानपणापासून माहीत आहे. शेजारणीचा शिरा फसला तरी ती हेच म्हणते. तिला बघायची होती एकच गोष्ट, बाबांचे मासे.

माझे बाबा, गुणवंत, अल ऐनच्या बाजूला वाळूत आत असलेल्या एका फार्मवर कामाला होते. तिथे बकऱ्या, हरणं, शहामृगं आणि एका मोठ्या शेडमध्ये माशांची पिल्लं वाढवायचे हौद. आमचं गाव राजापूरकडचं, समुद्र हाकेच्या अंतरावर. त्यामुळे गुणवंत वाळवंटात मासे पाळतो म्हटल्यावर गावात सगळे पोट धरून हसले. आईसुद्धा हसली होती. मग एका दुपारी बाबा हौदाच्या कडेला टेकले ते उठलेच नाहीत. मी तेव्हा शाळेत होतो. आईला ती जागा कधी दिसलीच नाही. तिच्यापर्यंत आली ती फक्त शवपेटी.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव सहज तोंडात आणत नाहीत. घ्यायचं तर उखाण्यात, तेही चारचौघांनी गळ घातल्यावर. बाबा दर शुक्रवारी फोन करायचे आणि ठेवताना न चुकता म्हणायचे, "नाव घे गो, मग ठेवतो." आई माझ्याकडे बघून लाल व्हायची, पदर तोंडावर घ्यायची आणि पुटपुटायची, "तुम्ही या, मग घेते." ते आले नाहीत. तिचं नाव घ्यायचं राहून गेलं. विधवेला कोणी नाव घे म्हणत नाही. तिला हळदीकुंकवालाच बोलवत नाहीत, नाव कुठलं घ्यायला सांगणार? माझ्या आईला आयुष्यात हीच एक गोष्ट लागून राहिलीय, हे मला न सांगताही कळायचं.

तर त्या शनिवारी आम्ही दोघं निघालो. संजनाला, माझ्या बायकोला, ड्युटी होती. सकाळी अल ऐनचं प्राणिसंग्रहालय पाहिलं. जिराफ बघून आई म्हणाली, याला सर्दी झाली तर बिचाऱ्याचे केवढे हाल. दुपार कलल्यावर फार्मवर पोचलो. सुटीच्या दिवशी तिथे लोकांना आत सोडतात, पण आमच्याशिवाय तेव्हा कोणी नव्हतं.

तिथला जुना माणूस तहसीन, मुलतानकडचा, बाबांचा रूममेट होता. आईला बघून तो धावतच आला. मग खुर्ची आणली, चहा आणला, भाभीजी भाभीजी करत सगळा फार्म फिरवला. आईने त्याच्यासाठी फणसाची साठं आणली होती. त्याने एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाला, गुणवंतभाई हे उशाखाली लपवून ठेवायचे, मी चोरून खायचो. आई इतकी हसली की तिच्या डोळ्यात पाणी आलं. मला फार बरं वाटलं. वाटलं, एवढ्यासाठीच आलो होतो, आता घरी जाऊ.

शेवटी त्याने शेड दाखवली. आत हिरवट अंधार होता. वर जाळी, खाली गोल हौद, आणि हौदात हवा सोडणाऱ्या पंपांची एकसारखी घरघर. माशांच्या खाद्याचा आणि शेवाळाचा वास थेट गळ्यात उतरत होता. दाराजवळ एका पिंजऱ्यात करडा पोपट होता, लाल शेपटीचा. इथे त्याला कास्को म्हणतात आणि बोलणारा कास्को म्हणजे चैन समजतात. आईने त्याला बोलतं करायचा प्रयत्न केला.

"ये नहीं बोलता, भाभीजी," तहसीन म्हणाला. "अंडे से इधर ही निकला. चार साल मैंने हाथ से खिलाया. एक लफ्ज़ नहीं बोला."

चार वर्षं. बाबांना जाऊन अकरा झाली. हे मी तेव्हा मनात मांडलंसुद्धा नव्हतं.

आई हौदाच्या कडेला उभी होती. पाण्यात बोटाएवढी पिल्लं काळ्या ढगासारखी फिरत होती. कुठे बसले होते ते, असं तिने विचारलं. तहसीनने हात केला. आई तिथे जाऊन कठड्यावर टेकली. आणि वीज गेली.

पंप बंद पडले. कानाला सवय झालेला आवाज एकदम गेला की कसं होतं, तसं झालं. जनरेटर चालू करायला तहसीन बाहेर पळाला, कारण हवा बंद झाली की ही पिल्लं फार वेळ टिकत नाहीत. आम्ही दोघंच राहिलो. मग पाण्यातून बारीक बारीक आवाज यायला लागला. प्.. प्.. प्.. सगळी पिल्लं वर येऊन तोंड उघडून हवा पीत होती, हजारो तोंडं. त्या आवाजातून कोणीतरी खाकरलं.

"नाव घे गो."

मी आईकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती पिंजऱ्याकडे बघत होती. पोपट दांडीच्या टोकाशी येऊन मान कलती करून बसला होता. आवाज मात्र बाबांचा होता. थोडा बसका, पुढच्या शब्दाआधी श्वास घेणारा, फोनमधून यायचा अगदी तसा. 

"नर्मदे... नाव घे गो."

"आई, चल," मी म्हणालो. "आपण बाहेर थांबू."

ती उठली नाही. तिने पदर डोक्यावरून घेतला आणि तोंडावर धरला. आणि लाल झाली. बासष्ट वर्षांची माझी आई त्या अंधारात लाल झालेली मला दिसली. मग ती हळू, पण स्पष्ट बोलली.

"वाळूतल्या पाण्याचा लागत नाही अंत,
काठावर वाट बघतात माझे गुणवंत."

हा उखाणा तिने कधी जुळवला होता, देव जाणे. पिल्लांचा आवाज थांबला होता. पिंजऱ्यातून समाधानाचा एक हुंकार आला, जेवून उठल्यावर बाबा करायचे तसा.

"येतेस ना गो?"

आणि आई, आयुष्यभर स्वयंपाकघरातून त्यांच्या हाकेला जे उत्तर देत आली, तेच सहज देऊन बसली. "आले. एवढं आवरते नि आले."

तेवढ्यात जनरेटर सुरू झाला, पंप घरघरले, दिवे लागले. पोपट पिसं साफ करत होता. मी तहसीनला सगळं सांगितलं. तो थट्टा करेल असं वाटलं होतं. त्याने फक्त पिंजऱ्यावर कापड टाकलं आणि आईसमोर हात जोडून म्हणाला, "भाभीजी, जवाब नहीं देना था."

परत येताना आई गाडीत गुणगुणत होती. तिला इतकी खूश मी कधी पाहिली नव्हती. हे मी कोणाला सांगू? मला भीती वाटत होती, आणि तिचा आनंद हिसकावून घ्यायचीही हिंमत होत नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून ती आवरायला लागली. आमचा इंटरनॅशनल सिटीतला फ्लॅट तो केवढा, पण तिने कपाटं आवरली, डबे घासले, माझे शर्ट इस्त्री केले, संजनाला गोडा मसाला करून बाटलीत भरून दिला. तिचं तिकीट पुढच्या महिन्याचं आहे, तरी तिची बॅग भरून दाराशी उभी आहे. एवढी घाई कशाची, मी विचारलं. "घाई कुठे रे? आवरत आणलंय," ती म्हणाली.

तेव्हापासून मी पसारा करतो. ओला टॉवेल पलंगावर टाकतो, चहाचे कप कुठेही ठेवतो, शर्टाची बटणं तोडून तिच्याकडे शिवायला नेतो. संजना म्हणते, आई आली आणि तुझं लहान मूल झालं. होऊ दे. आई मला हवी आहे. अजून खूप वर्षं हवी आहे. तहसीन रोज संध्याकाळी मेसेज करतो, पोपट एकच गोष्ट बोलतो म्हणून. येतेस ना गो. मी ते आईला सांगत नाही.

आज दुपारी तिने हात पुसले आणि म्हणाली, "झालं बाई सगळं."  मी सरळ स्वयंपाकघरात गेलो, मुगाचा डबा उघडला आणि तांदळाच्या डब्यात पालथा केला. हात सुटला म्हणालो. आईने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. तिला कळलं असणार. मग तिने माझ्या गालावरून हात फिरवला, ताट घेऊन खाली बसली आणि एकेक मूग वेगळा करायला लागली. आवाज येतोय ना? टिक, टिक... ताटात मूग पडतायत. दोन दिवस तरी पुरतील.

थांबा, फोन वाजला. तहसीनच आहे. आज व्हॉइस मेसेज पाठवलाय. ऐकवतो तुम्हाला, आवाज बारीक ठेवून.

"सुजीतभाई, आज कुछ और बोला. मेरी समझ में नहीं आया. आप सुनो."

मागे पंपांचा आवाज नाहीये. नुसतं प्.. प्.. प्.. ऐकू येतंय. आणि मग ते खाकरणं.

"राहू दे गो ते मूग... तशीच ये."

मी फोन बंद केला. आवाज इतका बारीक होता, आतपर्यंत जाणं शक्यच नाही.

तुम्हाला अजून ऐकू येतंय का? ताटात पडणारे मूग... मला येत नाहीये.