पांढरीची माती

"माती ह्या रंगुबाईनंच नेली असणार. भिंती सारवायला!" राजेश्वरी सगळ्यांदेखत बोलली आणि मोकळी झाली.

उत्खननाचा तिसरा दिवस. मलकापूरच्या पुढं कृष्णाकाठी पांढरीचं टेकाड आहे, जुन्या काळी गाव नांदलं ती जागा. सगळी जेवायला गेली आणि तेवढ्यात दुसऱ्या खड्ड्यातल्या न चाळलेल्या मातीचा ढीगच गायब. राखणीला रंगुबाई. तिनं हातातली पाटी खाली ठेवली आणि घरी गेली. उद्यापासून येऊ नको, असा उत्खनन चालवणाऱ्या दीपालीमॅडमनी मागोमाग निरोप धाडला.

आता खरं ऐका. रंगुबाई ढिगाजवळून हलली, ती राजेश्वरीनंच तिला पाण्याची कळशी भरायला पिटाळलं म्हणून. तेवढं सांगायला मात्र हिची जीभ उचलली नाही.

सुट्टीत खापरं धुवायला तिघं येत. राजेश्वरी, तिचा चुलतभाऊ विश्वजीत आणि मॅडमचा आष्ट्याचा भाचा श्रेयस. श्रेयसला गाडीवाटेवर सांडलेल्या मातीची पांढरी रेघ दिसली. तिघं मागावर निघाली, ओढा ओलांडला. राजेश्वरी सगळ्यांत पुढं. रेघ आल्याच्या वावरात शिरली आणि तिचे पाय थबकले.

वावर तिच्याच घरचं. तिचे आजोबा, रिटायर सुभेदार भाऊसो, ट्रॉलीतली माती पसरून घेत होते. टाकाऊ ढीग दिसला, आणला, म्हणाले. "पांढरीची माती आमी बापजाद्यापास्नं नेतोय. पिकाला लय चांगली."

विश्वजीतनं मातीतून पत्र्याची पट्टी उपसली. तिच्यावर लिहिलेलं, खड्डा दोन.

"पुरून टाकू?" तो हळूच म्हणाला. "कुणाला कळतंय?"

राजेश्वरीचे कान तापले. रंगुबाईनं खाली ठेवलेली पाटी डोळ्यांपुढून हलेना. तिनं पट्टी मुठीत धरली. "आबा, माती परत भरा. आन माझ्यासंगं रंगूमावशीच्या दारात चला."

सुभेदार कुणाच्या दारात वाकले नव्हते. आज टोपी हातात घेऊन उभे राहिले. राजेश्वरीनं सगळं सांगितलं, कळशीचंसुद्धा. मॅडमपुढं आणि कामावरच्या सगळ्या बायांपुढं तेच परत सांगितलं. मॅडमनी आपल्या निरोपाबद्दल रंगुबाईची माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी भाऊसो स्वतः परत आणलेली माती चाळायला बसले. शंखाच्या बांगडीचा तुकडा निघाला. मॅडमनी तो तळहातावर घेतला. माती कालवली गेली, आता हा कुठल्या थरातला ते कधीच कळणार नाही, म्हणाल्या. भाऊसोंनी मान खाली घातली. "पोरांनी माग काढला नसता, तर एवढंही हाती लागलं नसतं. शाबास," मॅडम म्हणाल्या. बायांनी टाळ्या वाजवल्या. राजेश्वरी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली.

रंगुबाईनं चाळणीचं एक टोक तिच्यापुढं केलं.

"काल बोलताना मान वर हुती की. मग आता खाली कशाला? वर कर, आन धर ही."