बियाण्याचं माहेर

समोरच्या डोंगरावरची नागली (नाचणी) काल हिरवी होती. आज ती राखेच्या रंगाची झाली होती.

वेणू काचघराच्या दाराशी उभी होती. राखी करपा (पिकाला सुकवत नेणारा बुरशीचा रोग) आता खिंडीपर्यंत आला होता. त्याचे बीजाणू वाऱ्यावरून येतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून ती नुसत्या हलणाऱ्या गवताकडे बघत होती.

काचघरात नागलीची चार हजार रोपं होती. हवाबंद खोलीत जागा फक्त दोनशेंना. बाकीची, करप्याला पसरायला खाद्य नको म्हणून, सूर्य मावळायच्या आत जाळायची होती. निवड चुकली तर पुढच्या वर्षी खोऱ्यात पेरायला काही उरणार नव्हतं.

"पण दोनशे कोणती, हे कळणार कसं?" वेणूने विचारलं.

आई ट्रे मोजत होती. उत्तर कणगीने दिलं. कणगी म्हणजे त्यांच्या बियाणे-केंद्रातला यंत्रमानव.

"गेल्या वर्षी तुझ्या आजोबांनी नागलीचे तीनशे वाण एकाच शेतात लावले. करपा आला. दोनशे एकोणऐंशी मेले, एकवीस जगले. का जगले?"

"ते मला विचारतोस? यंत्र तू आहेस."

"प्रत्येक रोपाच्या पेशीत चार अक्षरांत लिहिलेला एक लांबलचक मजकूर असतो. त्याला जनुकसंच (सजीवाच्या सगळ्या आनुवंशिक सूचना) म्हणतात. मी तीनशेही मजकूर वाचले. मग प्रत्येक जागेवर एकच प्रश्न विचारला: जगलेल्यांत इथे एक अक्षर आणि मेलेल्यांत दुसरं, असं आहे का? याला सहसंबंध नकाशा म्हणतात. दुसऱ्या गुणसूत्रावर (मजकुराच्या दुसऱ्या खंडात) एक अक्षर ठळक निघालं. जगलेल्या एकवीसपैकी सतरांत ते आहे. यातल्याच एका वाणाचा भरघोस पिकणाऱ्या वाणाशी संकर करून ही रोपं तयार केली. सकाळीच पानांचे तुकडे तपासून ते अक्षर असलेली दोनशे मी ठेवायला काढली आहेत. करप्याची वाट बघायला नको."

उत्तर फार लवकर मिळालं, असं वेणूला वाटलं. आजोबा म्हणायचे, उत्तर लवकर मिळालं तर आधी त्याचं माहेर विचार.

आजोबांची वही आईच्या पिशवीत होती. ते गेल्यापासून दोन महिने ती तिथेच होती.

"ती राहू दे, वेणू," आई मान वर न करता म्हणाली.

"भीती वाटते गं मला. एकदाच बघते."

आईने पिशवी तिच्याकडे सरकवली. वेणूने वही उघडली. प्रत्येक वाणापुढे तीन रकाने होते: गाव, कोणी दिलं, माहेर. आजोबांचं अक्षर शेवटच्या पानांवर थरथरत गेलं होतं.

"माहेर कशाला लिहिलंय?"

"इकडे लेक सासरी निघाली की ओटीत बियाणं बांधून देतात. देणारीचं माहेर तेच बियाण्याचं माहेर," आई म्हणाली. मग ती वेणूशेजारी येऊन बसली.

कणगीने निवडलेलं अक्षर एकोणीस वाणांत होतं. गावं नऊ. पण माहेर प्रत्येकीचं एकच: कुंभारखोरी.

"म्हणजे या सगळ्या बहिणी आहेत," वेणू म्हणाली.

"मी नात्याचा हिशेब केला होता," कणगी म्हणाला. "गावांप्रमाणे गट पाडायला सांगितलं होतं."

"मीच सांगितलं होतं," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू होता. "वेणू, आपल्या घरात सगळ्यांचे कान मोठे आहेत आणि सगळ्यांना पोहता येतं. मग आपण काय कानांनी पोहतो?"

"मामा तर बुडतो."

"बरोबर. मामालाही मोठे कान आहेत, तरी बुडतो. ते अक्षर कुंभारखोरीचे कान आहेत. कणगी, एकोणीसपैकी मेले किती?"

"दोन. त्यांच्यातही ते अक्षर आहे."

"गावं सोड. मजकुरातल्या सारखेपणावरून खरी नाती मोज आणि पुन्हा शोध."

बाहेर गवत खिंडीकडून काचघराकडे वाकत होतं. वेणूने दाराची फट हाताने दाबून धरली.

"पाचवं गुणसूत्र," कणगी म्हणाला. "हे अक्षर जगलेल्या सतरा बहिणींत आहे, मेलेल्या दोघींत नाही. आणि नात्यात नसलेले जे चार वाण जगले, त्यांच्यातही आहे. मेलेल्या बारा परक्या वाणांतही होतं, म्हणून आधी मागे पडलं."

"ते बारा?"

"अण्णांनी लिहिलंय," आईने आजोबांच्या अक्षरावर बोट ठेवलं. "'पाणी साचलं, मुळं कुजली.' करप्याने नव्हे."

नव्या अक्षरासाठी पानं पुन्हा तपासून ट्रे बदलले. आधी ठेवायला काढलेल्या रोपांपैकी निम्मी जाळायच्या ढिगात गेली आणि त्या ढिगातली तेवढीच परत आली. सूर्य मावळताना वारा पडला आणि धूर सरळ वर चढला. वेणू आईचा हात सोडत नव्हती.

हवाबंद खोलीतली दहा रोपं वेगळ्या बंद काचपेटीत ठेवून आईने त्यांच्यावर मुद्दाम करप्याचे बीजाणू सोडले. चौथ्या दिवशी दोन पानांवर राखी ठिपके आले. वेणूला जेवण गेलं नाही. नवव्या दिवशी ठिपके तेवढेच होते. दहाही रोपं उभी होती.

"जिंकलो?"

"दहा रोपांपुरतं," आई म्हणाली. "करपाही बदलत राहतो. आपल्याला शोधत राहावं लागेल."

आईने वहीत नवी ओळ घातली. वाण तीनशे एक.  माहेरच्या रकान्यात तिने लिहिलं: अण्णांची वही.

आणि पेन वेणूकडे दिलं. पुढची ओळ कोरी होती.